तुम्ही विचारलंत म्हणून: टायको ब्राहे चुकला होता ना?

आकाशदर्शनाला शर्मिष्ठा हा तारकासमूह दाखवायला लागलो की माझी गाडी टायको ब्राहे या सोळाव्या शतकातल्या डॅनिश खगोलशास्त्रज्ञावर घसरते, आणि मग कोणीतरी विचारतंच, "अहो पण तो तर पृथ्वी स्थिर आहे म्हणायचा ना, मग चुकलेल्या माणसाचं एवढं कौतुक कशाला?"

चुकला, मान्य. त्याच्या मांडणीत बाकीचे ग्रह सूर्याभोवती फिरतात आणि सूर्य ही सगळी वरात घेऊन पृथ्वीभोवती फिरतो. बायबलचाही भाग होता त्यात, पण मुख्य मुद्दा मापाचा होता. पृथ्वी फिरत असेल तर सहा महिन्यांनी आपण दुसऱ्याच टोकाला पोचतो, म्हणजे तारे थोडे तरी सरकलेले दिसायला हवेत. दिसले नाहीत. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला, साधारण तेवढ्या बारकाईने तो मोजायचा, आणि जवळात जवळच्या ताऱ्याचं सरकणं कलेच्या तिसाव्या भागापेक्षाही कमी! असं एखाद्या ताऱ्याचं सरकणं पहिल्यांदा नीट मोजलं जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने, 1838 मध्ये. त्यामुळे टायकोला हट्टी म्हणा (होताच), मूर्ख नका म्हणू.

शर्मिष्ठेचं कारण असं की नोव्हेंबर 1572 मध्ये तिथे नवाच तारा उगवला, शुक्राएवढा तेजस्वी, सुरुवातीला तर दिवसासुद्धा दिसायचा. ॲरिस्टॉटलच्या हिशोबाने चंद्राच्या पलीकडे काही बदलत नाही, म्हणून लोक म्हणत होते की हे हवेतलंच काहीतरी असणार. टायकोने वाद घालत न बसता आजूबाजूच्या ताऱ्यांपासूनची अंतरं मोजली, परत परत मोजली, तारा जागचा हलेना, म्हणजे तो चंद्राच्या बराच पलीकडे. 1577 च्या धूमकेतूचंही तसंच निघालं.

त्याआधीच, 1576 मध्ये, डेन्मार्कच्या राजाने त्याला ह्वेन नावाचं अख्खं बेटच दिलं. तिथे दुर्बीण नाही हं, ती यायला अजून तीसेक वर्षं होती. नुसते डोळे आणि अवाढव्य यंत्रं, कारण वर्तुळ जेवढं मोठं तेवढ्या खुणा बारीक करता येतात, आणि वाऱ्याने यंत्रं हलतात म्हणून पुढे काही चक्क जमिनीखाली बसवली. बहीण सोफीपण मोजायला मदत करायची. बेटावरच्या शेतकऱ्यांना मात्र त्याने वेठबिगारीला लावलं, ते वैतागलेले होते, हेही सांगायला हवं. (नाकाचं विचारणारच तुम्ही: द्वंद्वात गेलं, नंतरचं नाक बहुधा पितळेचं, सोन्याचं नाही.)

नवीन राजाशी बिनसल्यावर तो प्रागला गेला, तिथे 1600 मध्ये केप्लर हा जर्मन गणितज्ञ त्याच्या हाताखाली आला. टायको आकडे हातचं राखूनच द्यायचा. 1601 मध्ये टायको वारला आणि त्याच्या मोजमापांच्या वह्या केप्लरने सरळ ताब्यात घेतल्या, हे केप्लरने स्वतःच कबूल केलंय. मंगळाची कक्षा बसवताना एका ठिकाणी 8 कलांचा फरक राहिला. दुसऱ्या कोणाचे आकडे असते तर चालवून घेतलं असतं, पण टायको 8 कलांनी चुकणार नाही यावर केप्लरचा एवढा विश्वास की स्वतःचं गणित फेकून दिलं, आणि त्यातूनच शेवटी लंबवर्तुळ निघालं, सूर्याभोवतीचं, पृथ्वीसकट.

हे सगळं मांडणारं केप्लरचं पुस्तक 1609 मध्ये आलं ते टायकोच्या वारसांशी भांडणं होऊनच, आणि त्याला टायकोच्या जावयाची छोटी प्रस्तावना आहे. केप्लर टायकोपासून जिथे फारकत घेतो तिथे त्याच्या नादी लागू नका, असा वाचकांना त्यात इशारा दिलाय.