प्रोपोलिस आणि फ्लू, लॅपटॉपवरचं डॉकिंग: अपडेट ३

तर मागच्या अपडेटमध्ये मी जे नाचत नाचत लिहिलं होतं ना, की डॉकिंगमध्ये (रेणू प्रोटीनच्या खाचेत किती घट्ट बसेल याचा कॉम्प्युटरवरचा अंदाज) प्रोपोलिसमधली, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यातल्या चिकामधली, संयुगं फ्लूच्या ओसेल्टामिविर या औषधाला मागे टाकतायत, ते आधी विसरा. घोळ माझाच. पबकेम या रसायनांच्या ऑनलाइन साठ्यावरून ओसेल्टामिविर नावाने जी फाइल उतरवली ती निघाली इथाइल एस्टर, म्हणजे गोळीत असतं ते, आणि ते शरीरात गेल्यावर मुख्यतः यकृतात तुटतं, मग जे कार्बोक्झिलेट तयार होतं ते फ्लूच्या विषाणूचं न्यूरामिनिडेज हे एन्झाइम अडवतं. मी भलत्याच गड्याला आखाड्यात उतरवलं होतं.

मग परत पहिल्यापासून. प्रोटीन तेच न्यूरामिनिडेज, रचना २एचयू४ (प्रोटीनच्या रचनांच्या साठ्यातला क्रमांक, यात औषध बसलेलंच आहे), एकच चेन ठेवली, पाणी काढलं, कॅल्शियम राहू दिलं. आणि यावेळी आधी त्यातलंच औषध बाहेर काढून परत डॉक केलं (हे मी आधी केलंच नव्हतं, हसा), ते मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत बसलं तेव्हा कुठे जिवात जीव आला. मग प्रोपोलिसमधली क्रायसिन, गॅलँगिन, पिनोसेम्ब्रिन आणि केप (कॅफिक अॅसिड फेनेथिल एस्टर). एक्झॉस्टिव्हनेस (प्रोग्राम किती कसून शोधतो तो आकडा) ८ ऐवजी ३२ ठेवला, पंखा रात्रभर बोंबलत होता.

आणि एवढं करूनही क्रायसिन, गॅलँगिनचा स्कोअर ओसेल्टामिविरच्या वरच! डोकं खाजवत बसलो, मग व्हिनाचं, म्हणजे डॉकिंगच्या प्रोग्रामचं, मॅन्युअल नीट वाचलं. व्हिना स्कोअर काढताना अणूंवरचा चार्ज धरतच नाही. ओसेल्टामिविरचा सगळा जोर त्या कार्बोक्झिलेटच्या ऋण टोकात, ते प्रोटीनमधल्या ११८, २९२ आणि ३७१ क्रमांकाच्या तिन्ही आर्जिनिनना (धन चार्जची अमिनो आम्लं) घट्ट धरतं, या एन्झाइमचं नेहमीचं लक्ष्य असलेलं सायलिक अॅसिड धरतं तसंच, आणि त्याचेच मार्क व्हिना पुरते देत नाही. क्रायसिनकडे तसं टोक नाही पण सपाट रिंगा आहेत, त्या कुठेतरी चिकटल्या की व्हिना खूष. पोज (रेणू कसा बसलाय ते) उघडून बघितली तर क्रायसिन साहेब त्या तिघांना सोडून पॉकेटच्या, म्हणजे खाचेच्या, तोंडाशीच आडवे पडलेत.

केपचं वेगळंच दुखणं, त्यात कॅटेकॉल (सहज प्रतिक्रिया देणारा गट) असल्यामुळे ते प्रयोगशाळेत कशालाही पॉझिटिव्ह दिसू शकतं. आणि क्रायसिन पोटात गेलं तरी आतडं आणि यकृत त्याला लगेच ग्लुकुरॉनाइड चिकटवून बाहेर ढकलतात, रक्तात उरतं नाममात्र. त्यामुळे ज्यांनी विचारलं होतं की प्रोपोलिसचा अर्क घ्यायला सुरुवात करू का, त्यांनी माझ्या स्कोअरवर तरी जाऊ नका.

आता २एचटीवाय (त्याच प्रोटीनची दुसरी रचना) घेतोय, त्यात औषध नाही आणि १५०-लूप (खाचेशेजारचा हलता भाग) उघडा आहे, मोठ्या रिंगांना तिथे जागा मिळते का ते बघायचंय. चार्ज धरणारा स्कोअरही लावतो, पण आधी पंखा साफ करतो.