कन्नीमारा: कुऱ्हाडीतून वाचलेला साग

सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की हात रक्तासारखा लाल होतो, हे सागाच्या जंगलालगत वाढलेल्या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. केरळमधील पालक्काड जिल्ह्यातल्या परंबिकुलम व्याघ्र प्रकल्पात कन्नीमारा सागाची कथा ऐकताना मला माझे लहानपणीचे ते लाल हात आठवले. या झाडावर कुऱ्हाडीचा घाव बसताच बुंध्यातून रक्ताची धार लागली आणि तोडायला आलेली माणसे माघारी फिरली, असे तिथले आदिवासी सांगतात आणि तेव्हापासून त्याची पूजा करतात. ‘कन्नी’ म्हणजे कुमारिका आणि ‘मरम’ म्हणजे झाड.

परंबिकुलम केरळात असले तरी तिथे जाणारा रस्ता तमिळनाडूतल्या टॉपस्लिपवरून जातो. तोडलेले ओंडके या ठिकाणाहून उतारावर घसरत खाली सोडले जात, म्हणून त्याला हे नाव पडले. पुढे कोचीन संस्थानाने परंबिकुलमचे लाकूड चालकुडीला आणण्यासाठी डोंगरातून खास ट्राममार्ग बांधला आणि १९०७ पासून त्यावरून इथला साग बाहेर जाऊ लागला. सरळ, जाड आणि वाळवी न लागणाऱ्या लाकडासाठी जिथे एवढा खटाटोप झाला, तिथे सर्वांत मोठे खोड उभे राहिले, हे मला त्या झाडाच्या आकारापेक्षाही विलक्षण वाटते. व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा या जंगलाला २०१० मध्ये मिळाला. रक्ताच्या कथेने त्याच्या कितीतरी आधी राखण केली होती.

झाडाचे वय साडेचारशे वर्षांहून अधिक मानले जाते. बुंध्याचा घेर साडेसहा मीटरांपेक्षा जास्त असून त्याला कवेत घ्यायला पाच माणसे लागतात. केंद्र सरकारने १९९४-९५ मध्ये त्याला महावृक्ष पुरस्कार दिला. आपल्याकडे गडचिरोलीतील ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या राखीव वनखंडात उंच साग मी पाहिले आहेत, परंतु एकाच झाडापुढे आवाज आपोआप खाली यावा, असा अनुभव मला तिथेही आला नव्हता.

आमच्याबरोबरचा वाटाड्या जवळच्याच आदिवासी वस्तीतला होता. कथा सांगून झाल्यावर त्याने बुंध्याला हात लावून नमस्कार केला. कोवळ्या पानांच्या लाल रंगाविषयी बोलावे, असे एकदा माझ्या मनात आले होते. मी ते बोललो नाही आणि त्याच्यामागोमाग वाकलो.