शाई किती बसली, मिलिग्रॅममध्ये

वागळे इस्टेटमध्ये आमचा छोटा ऑफसेट प्रेस आहे, चार रंगांचं एकच मशीन. गेल्या जुलैत एका पार्टीचे कॅटलॉग परत आले. १३० जीएसएमचा ग्लॉसी आर्ट पेपर आणि जवळजवळ प्रत्येक फॉर्मच्या, म्हणजे छापलेल्या मोठ्या कागदाच्या, पाठीवर निळ्याची पुसट सावली. थप्पीत खालच्या कागदाची ओली शाई वरच्याच्या पाठीला लागली होती, म्हणजे सेट-ऑफ. कागदवाल्याने शाईवर ढकललं, शाईवाल्याने कागदावर आणि शेवटी दोघांनी मिळून पावसावर. चार दिवस फोनाफोनी केल्यावर मी वैतागून म्हटलं, एकदाचं लॅबला देऊ.

महापेला एक खासगी लॅब सापडली. आठ-दहा कागद गुंडाळले, रबर लावलं, जुन्या डब्यात थोडी शाई घेतली आणि बाइकला किक मारली. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी, पुढे दिघ्याला ट्रॅफिक. लॅबमधल्या मॅडमनी कागद उलगडून उजेडात तिरका धरला. माझ्याच बोटांचे ठसे, स्पष्ट. "बोटाचं तेल लागलं की तेवढ्या जागी शाई वेगळी बसते. हे नाही चालणार." मग त्यांनी सांगितलं ते असं: न फोडलेल्या रिममधले २० कागद, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट, वर प्लॅस्टिक, ग्रेनचा, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या दिशेचा, बाण काढलेला. याच कागदाच्या आधीच्या, जुन्या लॉटचे उरले असतील तर तेही. आणि शाई त्याच बॅचच्या सीलबंद डब्यातली. बावीस वर्षं कागद हाताळतोय, तरी मान खाली घालून परत आलो.

दुसऱ्या खेपेला फी आधी भरली, जीएसटीसकट. कागद एक दिवस २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवले होते. बाहेर महाप्याचा चिकट पाऊस आणि आत अंगावर काटा. मॅडमनी बसून बघू दिलं, म्हणून हे लिहिता येतंय.

टेस्टचं मशीन शिलाई मशीनएवढं. पिपेटने मोजून शाई छोट्या रोलरांवर सोडतात, ती सारखी पसरली की एका गुळगुळीत चकतीला लावतात. ती चकती काचेच्या दारांच्या तराजूत. दार लावायचं, आकडा थांबेपर्यंत हलायचं नाही. मग कागदाची पट्टी लावून चकती दाबाखाली एकदा फिरवायची, सर्रकन, आणि चकती परत तराजूत. वजनात जेवढा फरक, तेवढी शाई कागदावर गेली. एका पट्टीला फरक आला ६.८ मिलिग्रॅम. पट्टीचं क्षेत्रफळ धरलं तर चौरस मीटरला साधारण एक ग्रॅम. एवढ्याशा थरासाठी आमची चार माणसं चार दिवस भांडत होती!

शाई थोडी थोडी वाढवत हेच पुन्हा पुन्हा, दोन्ही लॉटवर. मॅडम म्हणाल्या, थोडी शाई कागदावरचं कोटिंग लगेच धरून ठेवतं आणि वर उरलेली चकती आणि कागदात फाटते, म्हणजे दोघांत वाटली जाते. वॉकर आणि फेट्स्को या दोघांनी १९५५ मध्ये त्याचं समीकरणच मांडलंय. ते मला झेपलं नाही, पण आलेख कळला. दोन्ही लॉट जवळपास सारखीच शाई घेत होते, चकतीवरच्या निम्म्याच्या आसपास.

पुढची टेस्ट सेट-ऑफची. ताज्या छापलेल्या पट्टीवर ठरावीक सेकंदांनी कोरा कागद दाबायचा आणि किती डाग उठतो ते बघायचं. जुन्या लॉटवर मिनिटभरात डाग जवळजवळ गेला. नव्यावर दोन मिनिटांनीही दिसत होता. कोटिंगच्या बारीक छिद्रांनी शाईतलं तेल लवकर ओढायला हवं, ते इथे सावकाश ओढलं जात होतं. मी खुर्चीतून उठलोच. सापडला चोर!

"थांबा," मॅडम म्हणाल्या. आमच्या कॅटलॉगचा फॉर्म त्यांनी डेन्सिटोमीटरखाली, म्हणजे छापलेल्या रंगाचा गडदपणा मोजणाऱ्या यंत्राखाली, घेतला. निळा १.८०. आलेखावर बोट ठेवून म्हणाल्या, "१.४५ला काम होत होतं. इथून वर रेघ आडवी होत जाते. शाई वाढते, रंग फारसा वाढत नाही. १.८०साठी तुम्ही दीडपटीहून जास्त शाई चढवलीत."

कोणी चढवली ते मला माहीत होतं. पार्टी मशीनपाशी उभी राहून फोनमधला निळा दाखवत होती, "उठत नाहीये हो." आणि आमचे मशीनमन, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांना मीच म्हटलं होतं, "मामा, शाईच्या चाव्या उघडा अजून." मामा तेव्हा नुसते माझ्याकडे बघत राहिले होते.

जॉब त्याच कागदावर परत छापला, १.४५ धरून, थप्पी छोटी ठेवून, कागद एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मारतात ती पावडर जरा जास्त मारून. पाठ कोरी आली. पार्टीने फोन बाजूला धरून बघितलं आणि "आता बरोबर आहे" म्हणाली.

खर्च वाटून घ्यावा म्हणून कागदवाल्याला मी रिपोर्टचं सेट-ऑफचं पान तेवढं व्हॉट्सअ‍ॅप केलं. खाली "४ पैकी पान २" छापलंय, हे माझ्या ध्यानात आलं नाही. अर्ध्या तासात त्याचा फोन. "शेठ, बाकीची तीन पानं?"