सव्हानाच्या पाट्या: आधी शेवटची ओळ वाचा

अटलांटाहून सव्हानाला गाडीने चार तास लागतात. मेकनपर्यंत आय-७५, तिथून पुढे आय-१६. मेकननंतर रस्ता आखल्यासारखा सरळ, दोन्हीकडे पाइनची झाडं आणि बघण्यासारखं काहीही नाही. चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर हमखास झापड येते, तेव्हा कॉफी आणि बाकीचे विधी मेकनलाच उरकून घ्या.

आम्ही नोव्हेंबरातल्या एका शनिवारी पहाटे निघालो. सोबत बाबा. साताऱ्याच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेले, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले आणि मॉल, आउटलेट, कॉस्टको या त्रिस्थळी यात्रेला पुरते विटलेले. रस्त्यात पाटी दिसली की ती अथपासून इतिपर्यंत वाचल्याशिवाय बाबांचं पाऊल पुढे पडत नाही. त्यांच्यासाठी सव्हानाइतकं योग्य गाव जॉर्जियात दुसरं नाही, आणि त्यांच्यासोबत फिरणाऱ्यासाठी इतकं अवघडही नाही. इथे दर पन्नास पावलांवर एक पाटी आहे.

१२ फेब्रुवारी १७३३ रोजी जेम्स ओगलथॉर्प हा इंग्रज नदीकाठच्या उंचवट्यावर उतरला आणि त्याने गाव चौकांवर आखलं. मध्ये बाग, भोवती घरं, की पुढचा चौक. एकूण २४ चौक झाले, त्यातले २२ आजही आहेत. मोठाले ओक, त्यांच्यावरून जटांसारखं लोंबणारं राखाडी शेवाळ आणि खाली बाकडी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन फिरायला याहून सोयीचं गाव नाही, कारण दर तीन-चार मिनिटांनी टेकायला जागा मिळते. सिटी हॉलपासून फोर्साइथ पार्कपर्यंत बुल स्ट्रीट जेमतेम एक मैल आहे. गूगल म्हणेल वीस मिनिटं. पाट्या वाचत गेलात तर अर्धा दिवस धरा. आम्ही धरला नाही. दोन तासांच्या मीटरवर गाडी लावली आणि परत आलो तेव्हा काचेवर दंडाची पावती होती. सरळ पार्किंग गॅरेजमध्ये लावा आणि विसरून जा. गावात डॉट नावाची बस फुकट आहे, नदीपलीकडे जाणारी फेरीबोटही फुकट आहे.

पाटी वाचायची कशी, हे मला बाबांनी पहिल्याच चौकात शिकवलं. मी वरून सुरुवात केली, त्यांनी वाकून खालून. “कुणी लावली आणि कधी, ते आधी बघ. मग ती काय म्हणते ते वाच.” राज्याच्या जुन्या पाट्यांवर तळाशी एक क्रमांक असतो, पुढे संस्थेचं नाव आणि साल. ०२५ म्हणजे चॅटम काउंटी, सव्हानाचा जिल्हा. ‘जॉर्जिया हिस्टॉरिकल कमिशन’ आणि १९५० च्या दशकातलं एखादं साल दिसलं, की ती पाटी शाळाही गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या होत्या त्या काळातली. १९९८ पासून हे काम जॉर्जिया हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे. सोसायटी स्वतः १८३९ ची, तिची इमारत फोर्साइथ पार्कच्या कडेलाच आहे. जुन्या पाट्यांना घर कुणी बांधलं, सेनापती कोणत्या खोलीत उतरला याचं फार कौतुक. त्याच घरात पाणी कोण भरत होतं, हे लिहायला बहुधा पुढची पाटी यावी लागली.

जॉन्सन स्क्वेअर हा पहिला चौक. मधला स्तंभ नॅथनील ग्रीनचा, म्हणजे स्वातंत्र्ययुद्धातल्या सेनापतीचा. पायाचा दगड १८२५ मध्ये फ्रेंच सेनापती लाफायेतने बसवला. ग्रीनच्या अस्थी मात्र १९०२ मध्ये इथे आणल्या. या ग्रीनला गावाबाहेर मलबरी ग्रोव्ह नावाचा मळा बक्षीस मिळाला होता. त्याच्या मृत्यूनंतर, १७९३ मध्ये, त्याच मळ्यावर पाहुणा म्हणून राहिलेल्या एलाय व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र बनवलं. सरकी काढणं सोपं झालं तसा कापसाचा पेरा वाढला, आणि पेऱ्यासोबत गुलामांची मागणी. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढचा राइट स्क्वेअर. इथे आम्ही तासभर अडकलो, आणि तुम्हीही अडकावं असं माझं मत आहे. ओगलथॉर्पला इथे पाय ठेवू दिला तो यामाक्रॉ लोकांच्या म्होरक्याने, तोमोचिचीने. तो १७३९ मध्ये वारला तेव्हा ओगलथॉर्पने त्याला याच चौकात सन्मानाने पुरलं. १८८३ मध्ये त्याच जागी रेल्वे कंपनीच्या विल्यम गॉर्डनचं भलंमोठं स्मारक उभं राहिलं. मग गॉर्डनच्याच सुनेला ही गोष्ट खटकली. तिने आणि कलोनियल डेम्स या बायकांच्या संस्थेने स्टोन माउंटनचा एक अजस्र ग्रॅनिटचा धोंडा आणून चौकाच्या आग्नेय कोपऱ्यात बसवला. त्यावरच्या ब्राँझच्या पत्र्यावर १७३९ आणि १८९९ अशी दोन सालं आहेत. मधली एकशे साठ वर्षं त्या छोट्याशा आडव्या रेघेत बसवलेली. बाबांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. पत्र्याच्या उंच अक्षरांच्या कडा लोकांच्या हातांनी गुळगुळीत झाल्या आहेत. नंतर मधल्या स्मारकाकडे बघून म्हणाले, “सासऱ्याचं थडगं सुनेने निस्तरलं.” ते थडगं नव्हे, नुसतं स्मारक आहे, असं मी म्हणाले. “तेच तर,” ते म्हणाले.

चिपेवा स्क्वेअरला फार थांबू नका. ओगलथॉर्पचा पुतळा १९१० चा, तोंड दक्षिणेला, कारण ओगलथॉर्पच्या काळी तिकडे स्पॅनिश फ्लोरिडा होता. एका गाजलेल्या सिनेमातलं बाकडं शोधत बरेच जण इथे घिरट्या घालतात. ते बाकडं शूटिंगपुरतं आणलेलं होतं आणि आता गावातल्या इतिहास संग्रहालयात आहे. निम्म्या चौकात हेच सांगत फिरावं लागलं.

मॅडिसन स्क्वेअरमध्ये पाट्यांची भाषा कशी बदलते ते अगदी शेजारीशेजारी दिसतं. ग्रीन-मेलड्रिम हाउस हे चार्ल्स ग्रीन या इंग्रज कापूस व्यापाऱ्याचं घर. यादवी युद्धात, डिसेंबर १८६४ मध्ये, उत्तरेचा जनरल शर्मन इथे उतरला आणि त्याने लिंकनला ती प्रसिद्ध तार केली: नाताळची भेट म्हणून सव्हाना शहर, दीडशे तोफा आणि सुमारे २५,००० गाठी कापूस. ही गोष्ट सगळे सांगतात. त्याच घरात १२ जानेवारी १८६५ रोजी वीस काळे धर्मोपदेशक शर्मनला भेटले. आता तुम्हाला काय हवं, या प्रश्नावर त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर यांनी उत्तर दिलं: जमीन, जी आम्ही आमच्या मेहनतीने कसू. चार दिवसांनी फील्ड ऑर्डर १५ निघाली. किनाऱ्यालगतची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना, प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत. वर्ष सरायच्या आत राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने ती फिरवली. हे सांगणारी पाटी सोसायटीने अलीकडे लावली आहे. बाबा घराची जुनी पाटी आणि ही नवी, यांच्यामध्ये तीनदा जाऊन आले. कूळकायद्याच्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाला चाळीस एकरांचं महत्त्व वेगळं समजवावं लागलं नाही.

जेवणाबद्दल दोन शब्द, विशेषतः शाकाहारी मंडळींसाठी. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या भरड्याचं सैलसर उपीट, फोडणीविना. लोणच्याची पुडी सोबत असेल तर उत्तम लागतं. हिरवे तळलेले टोमॅटो बिनधास्त खा. पण पालेभाजी आणि शेंगाभाजी बघून हुरळू नका. दक्षिणेत त्या डुकराच्या मांसासोबत शिजवायची पद्धत आहे, आणि ‘व्हेजिटेबल’ या शीर्षकाखाली त्या निर्धास्त बसलेल्या असतात. विचारून घ्या.

दुपारी नदीकडे उतरलो. बे स्ट्रीटवरून खाली जाणाऱ्या दगडी पायऱ्या उंच आणि वेड्यावाकड्या आहेत. खालच्या रस्त्याचे गोटे जहाजांत भार म्हणून आलेले, त्यावर सपाट तळाचे बूटही डगमगतात. गुडघ्यांची तक्रार असेल तर सिटी हॉलजवळची लिफ्ट घ्या. वर जुनं कॉटन एक्स्चेंज आहे, १८८० च्या दशकातलं, लाल विटांचं. तिथे बाबांना अचानक मुंबई आठवली, आणि ते बरोबरच होतं. एप्रिल १८६२ मध्ये फोर्ट पुलास्की पडला आणि सव्हानाचं बंदर जवळजवळ बंद झालं. अमेरिकन कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसावर आल्या, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने राजाबाई टॉवरला पैसे दिले ते याच तेजीतले. १८६५ मध्ये इथलं युद्ध संपलं आणि तिथला बाजार कोसळला. एकाच कापसाची दोन टोकं. यावर पाटी कुठेच नाही, ना इथे ना मुंबईच्या फोर्टात.

खाली नदीकाठी २००२ मध्ये उभारलेलं आफ्रिकन-अमेरिकन स्मारक आहे: एकमेकांना बिलगलेलं चौघांचं कुटुंब, पायाशी तुटलेल्या साखळ्या. खालचा मजकूर कवयित्री माया अँजेलू यांचा. गुलामांच्या जहाजातल्या तळघराचं वर्णन इतकं उघडं होतं की गावात वाद झाला, आणि शेवटी आशेचं एक वाक्य जोडलं गेलं. वेळ असेल तर पश्चिमेला फ्रँकलिन स्क्वेअरलाही जा. स्वातंत्र्ययुद्धातल्या १७७९ च्या वेढ्यात लढलेल्या हैतीच्या पाचशेहून अधिक स्वतंत्र काळ्या सैनिकांचं स्मारक तिथे आहे, आणि समोरच फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च. चर्चची सध्याची इमारत १८५९ ची. तळघराच्या जमिनीतली नक्षीदार भोकं खाली लपलेल्या पळपुट्या गुलामांना श्वास घेण्यासाठी होती, असं चर्चची मंडळी सांगतात. आत जायला ठरावीक वेळेची टूर असते, आधी बघून जा. आम्ही बंद दारावर पोचलो.

जुना नकाशा वापरणाऱ्यांसाठी: कॅल्हून स्क्वेअर शोधू नका. गुलामगिरीच्या त्या खंद्या पुरस्कर्त्याचं नाव काढून २०२३ मध्ये चौकाला सूझी किंग टेलर यांचं नाव दिलं. गुलामीत जन्मलेल्या, याच गावात चोरून लिहायला-वाचायला शिकलेल्या, आणि पुढे युद्धात परिचारिका आणि शिक्षिका झालेल्या.

आता ती पाटी, जिच्यासाठी मी हा वृत्तांत लिहायला घेतला. ती कोणत्याही चौकात नाही, ट्रॉलीच्या मार्गावर नाही. गाडी काढा, पश्चिमेला दहाएक मिनिटं जा, ऑगस्टा अ‍ॅव्हेन्यू आणि डन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. साधी वस्ती आहे, लोक राहतात, तेव्हा गाडी कुणाच्या दारात लावू नका आणि घरांचे फोटो काढू नका. कोपऱ्यावर हिरवळीचा तुकडा आणि त्यावर पाटी. आम्ही एकदा तिच्यासमोरून तसेच पुढे निघून गेलो होतो.

मजकूर थोडका आहे. २ आणि ३ मार्च १८५९ रोजी इथून पाव मैलावरच्या टेन ब्रोक रेसकोर्सवर मळेमालक पिअर्स बटलरने कर्ज फेडण्यासाठी ४३६ पुरुष, बायका आणि मुलं विकली. देशाच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या विक्रींपैकी एक. ताटातूट झालेल्यांनी त्या दिवसांना ‘रडण्याची वेळ’ म्हटलं, तेच नाव पाटीवर आहे: द वीपिंग टाइम. बाबा वाकले. तळाशी साल २००८. “एकशे एकोणपन्नास,” ते म्हणाले. मोजायला त्यांना क्षणही लागला नाही.

त्या विक्रीला न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राचा बातमीदार गिऱ्हाईक बनून हजर होता, म्हणून तपशील उरले. दोन्ही दिवस पाऊस होता. यादीतली पहिली चार नावं मी गाडीत बसून फोनवरून वाचून दाखवली. जॉर्ज, वय २७, कापूस लावण्यात तरबेज. सू, वय २६, भात लावण्यात तरबेज. जॉर्ज, वय ६. हॅरी, वय २. प्रत्येकी ६२० डॉलर.

“दोन वर्षांच्याचेही सहाशेवीस?”

“हो.”

बाबांनी खिशातली वही काढली. दिवसभर त्यात पाट्यांचे क्रमांक आणि सालं उतरवून घेत होते. नवं पान उघडून त्यांनी चार नावं देवनागरीत एकाखाली एक लिहिली, वयांसकट, हजेरीपटासारखी.

इथून परत डाउनटाउनला जाऊ नका, आय-१६ जवळ आहे. पेट्रोल आधीच भरून घ्या. नोव्हेंबरात साडेपाचलाच अंधार पडतो आणि हरणं रस्त्यावर येतात. आम्ही मेकनला पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते.