एकत्र राहताच ना, मग लग्न कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 गेलं, आता कोणी पकडत नाही, तुम्ही दोघी पुण्यात फ्लॅट घेऊन सुखाने राहता, मग लग्नाचा हट्ट कशाला, हे मला ऑफिसात विचारतात, नातेवाईक विचारतात, अगदी जवळचे मित्रही विचारतात. बहुतेकांच्या मनात वाईट नसतं, म्हणून नीट सांगते.

सुप्रीम कोर्टाच्या 2018 च्या निकालाने पोलिसांची भीती गेली हे खरंच, पण कागदोपत्री आम्ही एकमेकींच्या कोणीच नाही. पीएफचं घ्या. नियम असा की मेंबरला कुटुंब असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच लागतो, आणि बाईचं कुटुंब म्हणजे नवरा, मुलं, तिच्यावर अवलंबून असलेले आईवडील आणि नवऱ्याचे तसेच आईवडील. माझी आई माझ्यावर अवलंबून आहे, म्हणजे मला कुटुंब आहे, म्हणजे जिच्याबरोबर मी घराचे हप्ते निम्मे निम्मे भरते तिचं नाव टाकलं तर ते नॉमिनेशनच बाद. इन्कम टॅक्सचंही तेच. नवऱ्याने बायकोला कितीही पैसे दिले तरी गिफ्ट म्हणून तिला टॅक्स नाही, पण माझ्या पार्टनरने, म्हणजे हिने, मला वर्षात 50,000 च्या वर दिले की सगळी रक्कम माझं उत्पन्न धरतात! यावर एक समलिंगी जोडपं 2025 मध्ये मुंबई हायकोर्टात गेलंय.

2024 मध्ये सरकारने सांगितलं की आमच्यासारख्यांना बँकेत जॉइंट अकाउंट काढायला, तिथे पार्टनरला नॉमिनी करायला अडचण नाही, चांगलंच झालं ते. पण नॉमिनी म्हणजे वारस नाही ना. उद्या मला काही झालं तर माझा अर्धा फ्लॅट आईकडे, आई नसेल तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे भाऊ आणि पुढे सगळे. मृत्युपत्र केलंय आम्ही दोघींनी, तरी कोणी आव्हान दिलंच तर दुःख बाजूला ठेवून हिने कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या, आणि लग्नाच्या बायकोला मात्र काहीही न लिहिता हक्क मिळतो.

17 ऑक्टोबर 2023 ला समलिंगी लग्नाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाचही न्यायमूर्तींनी सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेने करावा. त्या दिवशी आम्ही दोघी जेवलो नाही. सुनावणीत केंद्र सरकारने ही मागणी शहरी उच्चभ्रू लोकांची आहे असं म्हटलं होतं, ते मला अजून लागतं. मी मिरजेची, वडील एसटीत कंडक्टर होते, ही बार्शीची, हिच्या घरी शेती. कुठले उच्चभ्रू आम्ही?

आधी समाज बदलू दे मग कायदा, असंही म्हणतात. 1954 मध्ये स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट झाला तेव्हा आंतरधर्मीय लग्नं समाजाला मान्य होती का हो? कित्येक घरांत आजही नाहीत. पण ज्यांनी केली त्यांच्या हातात सर्टिफिकेट होतं, माहेरच्यांनी तोंड फिरवलं तरी नवरा गेल्यावर बाई रस्त्यावर येणार नाही एवढी सोय होती, आणि हळूहळू त्याच घरांत नातवंडांच्या बारशाला सगळे जमले. माझ्या मते कायदा समाजाच्या मागे लंगडत यायची गरज नाही, तो पुढे गेला की घरच्यांनाही धीर येतो.

माझ्या आईचंच बघा. गौरी-गणपतीला हिच्यासाठी वेगळे खव्याचे मोदक करते, ओटी भरते, पण शेजारच्या काकूंना सांगते की नोकरीसाठी एकत्र राहतात पोरी. मी रागावत नाही तिच्यावर, चारचौघांत काय सांगायचं ते तिला कोणी शिकवलंच नाही. 2023 च्या निकालानंतर मात्र तिने एकदा फोनवर विचारलं, रजिस्टर लग्नाला साक्षीदार किती लागतात गं? तीन, म्हटलं. मग म्हणाली, एक मी, एक तुझा मामा, त्याला मी सांगते, तिसरं हिच्याकडचं कोणीतरी बघा.