परदेशी ओट्यावर आठ पानांची पुरणपोळी: आतापर्यंत बसलेली घडी

हिशोब आठ जणांचा, वीस पोळ्यांचा, सोबत कटाची आमटी, भात आणि बटाट्याची भाजी. होळी आठवड्याच्या मधल्या वारी आली, तर जेवण शनिवारी आणि पुरण-पोळ्या शुक्रवारी रात्री, ही वाटणी आता पक्की केली आहे. सामान बहुतेक शहरांत मिळतं. अडचण अशी की नाव तेच असलं तरी डाळ, पीठ, कुकर आणि शेगडी इकडे वेगळ्या वागतात. म्हणून वाट्या सोडून वजनकाटा.

डाळ ४०० ग्रॅम. पुडा नीट बघून घ्या. पिवळी फोडलेली म्हणून जी स्वस्त डाळ सुपरमार्केटात मिळते ती बहुधा वाटाण्याची असते. ती लवकर गळते, चिकट होते आणि पुरण कितीही आटवलं तरी सैलच राहतं. हरभऱ्याची डाळ जरा मोठी, ओबडधोबड आणि गडद पिवळी असते. ती तीन तास भिजवायची, मग दीड लिटर पाण्यात हळद आणि चमचाभर तेल घालून शिजवायची. आपल्या शिट्टीच्या कुकरचा दाब साधारण १५ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) असतो, विजेच्या मल्टिकुकरचा १० ते १२ च्या आसपास. त्यामुळे शिट्ट्यांचं गणित इकडे चालत नाही. भिजलेल्या डाळीला मल्टिकुकरमध्ये जास्त दाबावर १५ ते १८ मिनिटं, नंतर दाब आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. घाईने वाफ सोडली तर झडपेतून फेस उडतो. नळाचं पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियममुळे डाळ कणीदार राहते. अशा ठिकाणी भिजवायला आणि शिजवायला कॅल्शियम काढणाऱ्या फिल्टरचं पाणी वापरा. दाणा दोन बोटांत सहज मोडून त्याचं पीठ व्हायला हवं. त्याआधी गूळ घातलात तर डाळ पुढे मऊ होत नाही, मग तासभर ढवळा की दोन तास.

डाळ चाळणीत उपसून निदान पंधरा मिनिटं निथळू द्या. कट लिटरभर तरी निघतो. तो आमटीला ठेवायचा.

गूळ डाळीइतकाच, ४०० ग्रॅम. चिरलेला गूळ नसेल तर लॅटिन अमेरिकी दुकानातली पनेला चालते, तीही उसाचा रस आटवूनच केलेली असते. ती दगडासारखी असते, जाड किसणीवर किसा. ब्राऊन शुगरने गोडी येते, गुळाचा वास येत नाही. आटवायला जाड बुडाची रुंद कढई घ्या. गूळ विरघळला की पुरण आधी पातळ होतं, मग पंचवीस-तीस मिनिटांत आळतं. मधोमध उलथनं उभं राहिलं की गॅस बंद. वेलची आणि जायफळ तेव्हाच. जायफळ मात्र इकडे अख्खं आणि चांगलं मिळतं, किसून घाला.

पुरणयंत्र नसलं तर फिरत्या दांड्याची फूड मिल, बारीक जाळीची. बटाटे दाबायच्या यंत्राने काम होतं, पण त्याची भोकं मोठी, दोनदा काढावं लागतं. मिक्सर टाळा, पुरण लगद्यासारखं होतं. काहीही वापरा, गरम असतानाच वापरा, गार पुरण जाळीतून उतरत नाही. एवढ्या मापात किलोभरापेक्षा थोडं जास्त पुरण होतं, म्हणजे ५० ग्रॅमचे वीस गोळे आणि आमटीला डावभर.

कणकेवर सगळ्यात जास्त खटपट होते. इकडच्या ब्रेडच्या मैद्यात (ब्रेड फ्लॉर) १२-१३ टक्के प्रथिनं असतात, त्याची पोळी लाटली की आखडते. साधा मैदा, म्हणजे ऑल पर्पज घ्या, १० ते ११ टक्क्यांचा. जमलेलं प्रमाण: चक्कीचा आटा २०० ग्रॅम, ऑल पर्पज १५० ग्रॅम, मीठ, चिमूटभर हळद, पाणी २३५ मिलि, तेल ४० मिलि. आधी तेल न घालता भिजवायचं, अर्ध्या तासाने थोडं थोडं तेल घालत दहा मिनिटं तिंबायचं आणि दोन तास झाकून ठेवायचं. बोटाने ओढली तर कणीक तुटता कामा नये, लांबली पाहिजे. उंडा ३० ग्रॅमचा.

पोळी फुटते ती बहुतेक वेळा पुरण आणि कणीक यांचा मऊपणा सारखा नसतो म्हणून. फ्रिजमधलं पुरण घट्ट, कणीक सैल, मग पुरण मधेच बसतं आणि पारी कडेला धावते. पुरण बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, हाताने मळा, कोरडं वाटलं तर चमचाभर दूध. सैल असेल तर ताटात पसरून पंख्याखाली ठेवा. पिठी तांदळाची. आशियाई दुकानातलं बारीक तांदळाचं पीठ उत्तम, फक्त चिकट तांदळाचं उचलू नका. व्यास २० सेंटिमीटर, शेवटचं लाटणं कडेने.

तवा सपाट बुडाचा, जाड बिडाचा. खोलगट भारतीय तवा काचेच्या शेगडीला मधेच टेकतो, तिथे पोळी जळते, कडा कच्च्या राहतात. त्यात काचेखालची कॉइल सतत चालू-बंद होते. तवा जाड असला तर हा चढउतार पोळीला कळत नाही. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, आणि काचेवर सरकवू नका, चरे पडतात.

धुराचा अलार्म वाजला की दोष तुपावर जातो. पण तूप साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत धुरत नाही. धूर असतो तव्यावर उरलेल्या पिठीचा. पोळी टाकण्याआधी कोरड्या ब्रशने झटका, प्रत्येक पोळीनंतर तवा जाड सुती फडक्याने पुसा आणि तूप पोळी उतरवल्यावर लावा. एवढ्यावर अलार्म बहुधा गप्प राहतो.

पोळ्या जाळीवर एकेक गार करून मगच थर लावा, गरम रचल्या तर घामेजून चिकटतात. दुसऱ्या दिवशी सहा-सहा पोळ्या फॉइलमध्ये, १५० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये बारा मिनिटं.

आमटीही आदल्या दिवशीच, मुरलेली जास्त चांगली लागते. कटात डावभर पुरण, दोन चमचे गोडा मसाला, भाजलेलं सुकं खोबरं आणि जिरं वाटून, चिंच. बाटलीतला काळा चिंचेचा अर्क फार आंबट असतो, चहाचा एक चमचा घालून चव बघा. फोडणी जेवणाआधी.

पाहुण्यांना आधी विचारा. गोड्या मसाल्यात तीळ असतात आणि बाजारच्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ. गहू वर्ज्य असलेल्याला हिंगाशिवाय आमटी-भात आणि वाटीत गरम पुरण-तूप द्या, तांदळाच्या पारीचे प्रयोग आयत्या दिवशी नकोत. दूध-तूप न खाणाऱ्यासाठी तेल आणि पोळीबरोबर नारळाचं दूध.

पुढचं काम तेलपोळीचं. तिच्यात पिठीच नाही, म्हणजे धुराचं मूळच गेलं. कणीक याहून सैल लागते, तेलात बुडवून मुरवायची. केळीच्या पानाऐवजी तेल लावलेल्या बेकिंग पेपरवर लाटून कागदासकट तव्यावर उलटी टाकायची आणि दहा-पंधरा सेकंदांत कागद सोलायचा. कागद लवकर ओढला तर पारी त्याच्याबरोबर निघते. कणकेत पाणी किती, हे माप अजून ठरायचं आहे.