काटे नसलेली बाभूळ

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात आमच्याकडे कुणी मराठी माणूस आलं की चहा उकळेपर्यंत एक प्रश्न येतोच : कुंपणालगतचं ते रुपेरी झाड कसलं? मी सांगते, बाभूळ. पुढचा प्रश्नही ठरलेला : “काहीतरीच काय, काटे कुठायत?”

तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

बाभळीच्या या चुलत घराण्याला इथे वॉटल म्हणतात. आमचं हे सोपबुश वॉटल, शास्त्रीय नाव अकेशिया होलोसेरिसिया. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या विरळ रानातलं. पान वीतभर लांब, सशाच्या कानासारखं मऊ. खरं तर ते पानच नाही. मलाही हे पटेना, म्हणून बी रुजवलं. बी इतकं टणक, की आधी उकळतं पाणी ओतून भिजत ठेवावं लागलं. रोपाला पहिली पानं फुटली ती थेट बाभळीची, पिसासारखी बारीक. मग देठ चपटे व्हायला लागले. एका सकाळी बघते तर एक देठ चांगला बोटभर पसरलेला आणि त्याच्या टोकाला इवलं बाभळीचं पान अजून लोंबतंय. नंतर ती पिसं यायचीच थांबली. तुम्हाला रुपेरी दिसतो तो हा देठ.

जून-जुलैच्या कोरड्या दिवसांत करंगळीएवढे पिवळे तुरे येतात. शेंगा मात्र फणीतून काढलेल्या गुंतवळासारख्या! हिरव्या शेंगा पाण्यात चोळल्या की फेस येतो. इथले आदिवासी त्याने हात धुतात, नावातला ‘सोप’ तो हाच. आई आली होती तेव्हा तिने फेस बोटांवर घेऊन पाहिला. म्हणाली, “अगं, ही तर शिकेकाई.” फार चुकली नाही, शिकेकाईही याच गोतातली.

आता नावाचं दुखणं. पूर्वी आपली बाभूळसुद्धा अकेशियाच होती. 2005 साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ते नाव वॉटलांना मिळालं, 2011 मध्ये मेलबर्नला कायम झालं. बाभूळ आता व्हॅचेलिया. अकेशिया हा शब्द मुळात ग्रीक काट्यावरून आला असं मानतात, आणि गेला कुणाकडे, तर बिनकाट्यांच्याकडे! मला हे अजून पचलेलं नाही.

काटे बघायचेच असतील तर शेजारच्या क्वीन्सलँडला जा. तिथल्या मेंढपाळांनी सावलीसाठी आणि चाऱ्यासाठी बाभूळ लावली होती. आता सरकारी यादीत ती तण आहे आणि लोक ती मुळासकट उपटतायत.